‘सेनेशल’ शब्दाची कुळकथा

मध्ययुगीन फ्रान्सच्या इतिहासांत ‘सेनेशल’ हें पद वारंवार भेटतें. राजवाड्याची व्यवस्था पाहणारा, राजाच्या पंक्तीची देखरेख करणारा आणि पुढें राजाचें सैन्यहि चालविणारा असा हा अधिकारी. फ्रेंच ही लॅटिनची लेक. तेव्हां हा शब्द रोमच्या ‘सेनेट’पासून निघाला असावा, असें वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति निराळी आहे. रोमचें राज्य मोडल्यावर गॉल देश व्यापणाऱ्या फ्रँक लोकांच्या जर्मानिक बोलींतून हा शब्द आला.

‘सिनि’ म्हणजे वृद्ध आणि ‘स्काल्क’ म्हणजे दास. सेनेशल म्हणजे घरांतला सर्वांत जुना चाकर! घरीं जुना गडी असला म्हणजे किल्ल्या कोणाच्या कमरेला असतात, हें सांगावयास नकोच. यांतील ‘सिनि’, लॅटिन ‘सेनेक्स’ आणि आपल्या ‘सनातन’ शब्दांतील ‘सना’ हीं एकाच मुळाचीं रूपें होत. म्हणजे सेनेटशीं नातें आहे खरें, पण तें चुलत घराण्याचें.

‘दास’ हें येथें केवळ नम्रतेचें बिरुद नव्हतें. आठव्या शतकाच्या आरंभींच्या आलामानी लोकांच्या कायद्यांत, घरच्या १२ सेवकांवर नेमलेला, पण स्वतः दासच असलेला सेनेशल मारला गेल्यास ४० सुवर्णनाण्यांचा दंड सांगितला आहे. १२ घोड्यांवर नेमलेल्या ‘मारिस्काल्क’चें मोलहि तेवढेंच. ‘मारह’ म्हणजे घोडा; आजचा मार्शल हा मुळांत तबेल्यांतला हा चाकर.

पुढें सेनेशलपद मोठमोठ्या सरदारांकडे गेलें. ब्ल्वाचा थिबो हा सेनेशल ११९१ सालीं एकरच्या वेढ्यांत वारला, तेव्हां दुसऱ्या फिलिप राजानें ती जागा पुन्हां भरलीच नाहीं. राजवाड्याच्या कारभाऱ्याची धास्ती फ्रान्सच्या गादीला नवी नव्हती. असाच एक कारभारी, पेपिन, ७५१ सालीं धन्यास दूर सारून स्वतः राजा झाला होता. दक्षिणेकडील प्रांतांत मात्र सेनेशल नांवाचे अंमलदार १७८९ च्या राज्यक्रांतीपर्यंत टिकून राहिले.

खुद्द ‘स्काल्क’चें दैव इतकें थोर नव्हतें. राजवाड्यांत न शिरतां जर्मन भाषेंत एकटाच राहिलेला हा शब्द ‘शाल्क’ झाला. दासाचा अर्थ प्रथम लबाड असा झाला, आणि आज थट्टेखोर, खट्याळ मनुष्यास तेथें शाल्क म्हणतात.