घरचें दप्तर आणि नवा संगणक

कुलवृत्तांत, वंशावळी आणि कुलाचारांच्या याद्या जपून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून जुनी आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हें दप्तर रुमालांतून निघून संगणकांत गेलें. आतां तोच संगणक जुना झाला. 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमींची डागडुजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली, आणि जुन्या यंत्रांपैकीं पुष्कळांवर पुढची प्रणाली चढत नाहीं. तेव्हां नवें यंत्र घेणें अनेकांस भाग पडत आहे. अशा वेळीं "सर्व फाइली नव्या यंत्रांत घातल्या म्हणजे झालें" असें जें म्हटलें जातें, तें आम्हांस पुरेसें वाटत नाहीं.

बीड जिल्ह्याचेंच उदाहरण घ्या. आंबेजोगाईच्या दासोपंतांनीं (१५५१–१६१५) सुमारें ४० फूट लांबीच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिलें. कापड टिकलें म्हणजे अक्षर टिकलें. मध्यें कोणत्याही यंत्राची गरज पडली नाहीं. याच जिल्ह्यांतील निजामकालीन दप्तरांची गोष्ट निराळी. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानांत होता. तेव्हांच्या पुष्कळ नोंदी उर्दूंत व मोडींत आहेत. २०२३ सालीं शासनानें न्या. संदीप शिंदे यांच्या समितीकडून मराठवाड्यांतील अशा नोंदी तपासण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां कागद सांपडले तरी ते लावण्यास मोडीचे व उर्दूचे जाणकार लागले. वस्तु सुरक्षित राहिली होती. ती उघडण्याची किल्ली मात्र बहुतेकांच्या हातून गेली होती.

संगणकांतील जुन्या मराठी लेखांवर नेमका हाच प्रसंग येतो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी फाँट बनविणारांनीं रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी आकृति बसविल्या होत्या. 'कृतिदेव' फाँटांत 'राम' लिहिलें म्हणजे यंत्राच्या पोटांत जे, के, ई हीं तीन रोमन अक्षरें जातात. फाँट आहे तोंवर डोळ्यांस 'राम' दिसतो. फाँट नसलेल्या नव्या यंत्रांत तीं तीन निरर्थक अक्षरें उघडीं पडतात. युनिकोडांत १९९१ पासून देवनागरीस स्थान आहे, व तेथें प्रत्येक वर्णास स्वतःचा क्रमांक आहे. 'क'चा क्रमांक २३२५. त्यामुळें तो यंत्र बदललें तरी 'क'च राहतो.

म्हणून आमची सूचना अशी. जुनी प्रणाली जशीच्या तशी उचलून नव्या यंत्रांत बसविण्याचा खटाटोप करूं नये. ती जुन्या यंत्राच्या भागांस अनुसरून बसविलेली असते. नव्यांत नवी प्रणाली असूं द्यावी आणि फाइलींची नक्कल न्यावी. मूळ फाइली जागच्या हलवूं नयेत. पेन ड्राइव्हची आंखणी जुन्या 'फॅट ३२' पद्धतीची असेल, तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यांत उतरत नाहीं. लग्नमुंजीच्या चित्रफिती येथेंच अडकतात. फाइलींबरोबर जुने फाँटहि न्यावे. 'विंडोज'मध्यें ते 'फाँट्स' नांवाच्या कप्प्यांत असतात. मग परिवर्तकाच्या साहाय्यानें लेख युनिकोडांत आणावे, व मूळ फाइलहि ठेवावी. सर्वांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर, आणि एक दुसऱ्या आप्ताच्या घरीं असावी.

परिवर्तन यंत्र करतें, पण तपासणी माणसानेंच करावयाची. 'कृतिदेवा'सारख्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं सांठविली जाते, युनिकोडांत नंतर; शिवाय रफार व जोडाक्षरेंहि जागा सोडतात. साधा शब्द चुकला तर अर्थावरून ओळखतां येतो. पणजीचें माहेरचें नांव चुकलें तर तें कोणत्या कोशांत पाहणार? तें जाणणारें घरांत एखादेंच वडील माणूस उरलेलें असतें. तेव्हां वडिलांनीं जुन्या यंत्रावरील लेख पाहून नांवें मोठ्यानें वाचावीं आणि तरुणांनीं नव्या यंत्रावर तीं पडताळावीं. शेवटचें नांव जुळेपर्यंत जुना संगणक भंगारवाल्याच्या हवालीं करूं नये.