मुलांना घरातच ठेवणारी मंडळी

झिंबाब्वेच्या पूर्व टोकाला, मोझांबिकच्या सीमेला लागून मुतारे हे डोंगरांनी वेढलेलं शहर आहे. तिथल्या इस्पितळात काम करणारे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेफ फॉस्टर यांनी १९८७ साली ‘फॅमिली एड्स केअरिंग ट्रस्ट’ ही ख्रिस्ती संस्था काढली. तिला सगळे ‘फॅक्ट’ म्हणतात. एड्ससाठी उभी राहिलेली ही देशातली पहिली संस्था. पुढच्या दहा वर्षांत झिंबाब्वेतल्या साधारण दर चार प्रौढांमागे एकाला एचआयव्हीची लागण झालेली होती. औषध नव्हतं. बाप जाई, मागोमाग आई जाई, आणि घरात भावंडं तेवढी उरत.

अशा वेळी परदेशातल्या चर्चला पहिल्यांदा सुचतो तो अनाथाश्रम. त्यामागची कळकळ खरी असते. इमारत दिसते, मुलं मोजता येतात, देणगी कुठे गेली ते दाखवता येतं. ‘फॅक्ट’ने १९९३ साली दुसरी वाट धरली. मुतारेजवळच्या खेड्यांतल्या चर्चच्या पाळकांना एकत्र बसवलं आणि त्यांच्या मंडळ्यांतून स्वयंसेवक निवडायला सांगितलं. या कामाला ‘फोकस’ असं नाव मिळालं. निवडलेल्यांत बहुतेक बायका होत्या आणि त्यांतल्या कितीतरी स्वतः विधवा. काम एवढंच की आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कुठल्या घरात पोरकी मुलं आहेत ते शोधायचं, त्यांची नोंद ठेवायची आणि तिथे नेमाने जात राहायचं. ज्या घरात मोठं माणूसच नाही तिथे जास्त वेळा.

जाऊन त्या करत काय? बसत, बोलत. धाकट्याचा खोकला थांबला का, थोरली शाळेत जाते की शेतावरच अडकली, चुलत्याने बापाच्या जमिनीवर नांगर तर घातला नाही ना, हे पाहत. गरज असेल तिथे मक्याचं बियाणं, खत, घोंगडी, कपडे, प्राथमिक शाळेची फी पोचवत. बियाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. पिठाची पिशवी महिन्यात संपते. पेरलेल्या मक्याने मात्र मुलं वर्षभर आपल्याच शेतातलं खातात आणि जमीन कसती राहिल्यामुळे तिच्यावरचा त्यांचा हक्कही दिसत राहतो.

१९९६ च्या उत्तरार्धात ८८ स्वयंसेवकांनी सुमारे ८०० कुटुंबांना ९,००० हून अधिक भेटी दिल्या. एका भेटीचा खर्च आला दीड अमेरिकी डॉलरच्या आसपास.

फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलंच चालवत असलेल्या घरांचा अभ्यासही केला. ही मुलं सर्वांनी टाकलेली असतील असं बाहेरच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याच घरांजवळ आजी, आत्या किंवा काका राहत होते आणि लक्षही ठेवत होते. भावंडांची ताटातूट होऊ नये, आईबापाचं घर आणि शेत हातचं जाऊ नये, म्हणून मुलंच तिथे राहिली होती. त्यांना ट्रकमध्ये बसवून शहरातल्या आश्रमात नेणं म्हणजे त्यांनी एवढ्या कष्टाने धरून ठेवलेलं सगळं सोडायला लावणं. शिवाय अनाथांच्या आकडेवारीत आई किंवा बाप यांपैकी एकच गेलेली मुलंही धरतात. त्यांच्यातल्या कित्येकांची आई जिवंत असते, फक्त तिच्या घरात पैसा नसतो. १९९९ च्या राष्ट्रीय धोरणात झिंबाब्वे सरकारनेही संस्थेतल्या संगोपनाला अगदी शेवटचा पर्याय ठरवलं. त्याआधी नातेवाईक, मग गाव, मग पालक कुटुंब आणि दत्तक.

परदेशी भागीदारीचं मोल मी यावरूनच ठरवते. आधी गावातल्या बायकांची वाट ठरली आणि मग ब्रिटनमधल्या किंवा अमेरिकेतल्या चर्चचा पैसा तिच्यामागून आला, तर त्याचा उपयोग होतो. उलट झालं, तर लोक मुलांऐवजी दात्याकडे पाहू लागतात. फॉस्टर यांनी पुढे मलावी, मोझांबिक, नामिबिया यांसह सहा देशांतल्या धार्मिक संस्थांची पाहणी केली. तिथेही बहुतेक काम छोट्या मंडळ्या स्वतःच्याच बळावर करताना दिसल्या. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवांची विचारपूस हे भक्तीचं लक्षण सांगितलं आहे. त्या बायका हे पत्र चर्चमध्ये ऐकत आल्या होत्या, त्यांना बाहेरून कुणी येऊन शिकवायची गरज नव्हती.

एक गोष्ट मात्र मला खुपते. हे सगळं गरीब बायकांच्या बिनपगारी श्रमांवर उभं होतं. भेटीचा खर्च दीड डॉलर आला, कारण त्यांच्या वेळाची किंमत त्यात धरलेलीच नव्हती. २००८ साली देशाचं चलन कोसळलं आणि जानेवारी २००९ मध्ये शंभर लाख कोटी डॉलरची नोट छापावी लागली, तेव्हा या बायकांच्या स्वतःच्या चुलीचेही हाल होते. परदेशी भागीदाराने काही द्यायचंच असेल, तर स्वयंसेविकेचा प्रवासखर्च, तिचे बूट आणि तिच्या मुलांची फी यांपासून सुरुवात करावी.

२००४ पासून सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीची औषधं मिळू लागली. ज्या आया पूर्वी दोन-तीन वर्षांत गेल्या असत्या, त्या आता गोळ्या घेऊन मका पेरतात. जन्मतःच लागण झालेली मुलं विशीत पोचली आहेत. त्यांच्या घरी जाणाऱ्या माणसाला आज बियाण्याबरोबर गोळ्यांचंही विचारावं लागतं: या महिन्याच्या आणल्यास का, आणि घेतोस ना?