जुन्या हार्ड डिस्कला रॅमचा धक्का: फायदा कुठे, धोका कुठे?

ज्यांना हेडफोन लावून ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून काढलाय.

आजचा विषय परंड्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात नाहीतर सेवा केंद्रात दिसेल असा आहे. जुना डेस्कटॉप, आत फिरणारी हार्ड डिस्क, पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आलेली, दारात रांग आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. मग कुणीतरी व्हिडिओ दाखवतं: "हे सॉफ्टवेअर टाका, हार्ड डिस्क एसएसडीपेक्षा फास्ट होईल." खरं आहे का हे? थोडं खरं आहे. आणि जिथं नाही, तिथं तुमच्या फाइली जाऊ शकतात. म्हणून नीट समजून घेऊ.

डिस्क हळू का असते?

हार्ड डिस्कमध्ये खरोखरची तबकडी फिरते. साधारण डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद आणि वर थोडे. हवी ती माहिती हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं. त्याआधी हेड योग्य जागी सरकवायला आणखी ८-१० मिलिसेकंद. एकूण धरा १२.

रॅमला हेच काम करायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. फरक किती? रॅमला १ सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीला साधारण १७ मिनिटं लागतील आणि हार्ड डिस्कला जवळपास दीड दिवस! म्हणून शंभर बारीक फाइली उघडणारं सॉफ्टवेअर जुन्या पीसीवर रांगत चालतं.

कॅश म्हणजे दारातला रांजण

आपल्याकडच्या माणसाला कॅश समजावून सांगायची गरजच नाही. सीना-कोळेगाव धरणात पाणी भरपूर, पण तहान लागली की कुणी तांब्या घेऊन धरणावर जात नाही. घरात रांजण भरलेला असतो. धरण म्हणजे डिस्क: मोठी, पण लांब. रांजण म्हणजे रॅम: छोटा, पण हाताशी. एकदा डिस्कवरून वाचलेली माहिती रॅममध्ये ठेवून द्यायची, परत मागितली की तिथूनच द्यायची. झालं, हेच कॅशिंग.

आता महत्त्वाची गोष्ट. हे काम तुमची ऑपरेटिंग सिस्टीम आधीपासूनच करते. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, तिथं 'कॅश्ड' असा आकडा दिसेल. लिनक्समध्ये 'फ्री' ही कमांड मारली की 'बफ/कॅश' दिसतं. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच, त्यामुळे तुमच्या खिशातल्या फोनमध्येही हेच चालू आहे. मोकळी पडलेली रॅम काहीच काम करत नसते, म्हणून सिस्टीम तिच्यात फाइली ठेवते आणि एखाद्या अ‍ॅपला जागा लागली की लगेच खाली करून देते.

मग प्रायमोकॅशसारखं वेगळं सॉफ्टवेअर काय जास्त देतं? दोन गोष्टी. एक, कॅशला किती रॅम द्यायची, कुठल्या ड्राइव्हसाठी द्यायची, हे तुम्ही ठरवता. दुसरी, डिस्कवर लिहिण्याचं काम ते तुम्ही सांगाल तितका वेळ पुढे ढकलतं. खरा वेग या दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि खरा धोकाही.

कच्ची वही आणि पक्की वही

दुकानदार गर्दीच्या वेळी कच्च्या वहीत भराभर लिहितो आणि रात्री निवांत पक्क्या वहीत उतरवतो. गिऱ्हाईक खोळंबत नाही. कॅशही तेच करते. तुम्ही 'सेव्ह' दाबलं, फाइल रॅममध्ये गेली, स्क्रीनवर 'झालं' आलं. डिस्कवर मात्र ती अजून पोचलेली नाही.

आता या क्षणाला लाईट गेली तर? कच्ची वही जळाली. रॅमची वीज गेली की तिच्यातलं सगळं पुसलं जातं. पक्क्या वहीत काही उतरलंच नव्हतं. नेहमीच्या सिस्टीममध्येही हा धोका असतो, पण ती काही सेकंदांतच माहिती खाली उतरवते. लिनक्समध्ये ही मुदत साधारण ३० सेकंद. तुम्ही ती वेगळ्या सॉफ्टवेअरने वाढवली, तर तेवढ्या वेळाचं काम टांगणीला लागलं. एनटीएफएससारख्या फाइल सिस्टीम नोंदवही ठेवतात, पण तिनं फोल्डरची रचना वाचते. आत लिहिलेला मजकूर वाचेलच असं नाही.

हे नवीन नाही बरं का. १९९३ साली आलेल्या एमएस-डॉस ६.० मध्ये स्मार्टड्राइव्ह नावाचा असाच प्रोग्रॅम होता. तो लिहिणंही कॅश करायचा. तेव्हा लोक काम संपलं की सरळ बटण दाबून पीसी बंद करायचे. कच्च्या वहीतलं पक्क्यात उतरायच्या आधीच वीज बंद! त्याच वर्षी ६.२ आलं आणि त्यात लिहिण्याचं कॅशिंग आपोआप चालू राहणं बंद केलं. पेनड्राइव्हचंही तसंच. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरून लावलेल्या ड्राइव्हसाठी वेगापेक्षा सुरक्षितता हीच मूळ सेटिंग झाली.

स्पीड टेस्टचा आकडा

व्हिडिओत दाखवतात ना, १२० एमबीवरून थेट ५,००० एमबी प्रति सेकंद? तो आकडा खोटा नसतो, पण तो डिस्कचा नसतोच. टेस्टची फाइल रॅममध्ये मावली की मोजला जातो रॅमचा वेग. पीसी चालू करताना रांजण रिकामाच असतो, त्यामुळे पहिल्यांदा उघडायची फाइल डिस्कवरूनच येणार, तितकाच वेळ घेऊन.

मग करायचं काय?

रॅम ४ जीबी असेल तर असलं सॉफ्टवेअर टाकूच नका. विंडोज आणि ब्राउझर मिळून तेवढी रॅम भरतात. त्यातली २ जीबी कॅशला दिली, तर उरलेल्या कामाला जागा पुरत नाही आणि सिस्टीम रॅममधला माल डिस्कवर टाकायला लागते. म्हणजे पीसी आणखी हळू.

रॅम ८ किंवा १६ जीबी असेल आणि त्याच मोठ्या फाइली परत परत लागत असतील, तर फक्त वाचण्यासाठी कॅश वापरून बघायला हरकत नाही. लिहिणं पुढे ढकलायचा पर्याय मात्र यूपीएस असल्याशिवाय चालू करू नका. वळवाचं वारं सुटलं की लाईटचं काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये बफर फ्लशिंग बंद करायचा एक चौकोन असतो. वेगळा वीजपुरवठा नसेल तर त्यावर टिक करू नका, असं तिथं विंडोजच लिहून ठेवतं.

खर्च करायचाच असेल तर आधी एसएसडी. तिच्यात तबकडी नाही, हेड नाही, आणि पीसी बंद करून चालू केला तरी वेग तोच. जुनी हार्ड डिस्क फोटो आणि बॅकअपसाठी ठेवा.

आणि जाता जाता फोनबद्दल. '८ जीबी अधिक ८ जीबी व्हर्च्युअल रॅम' असं खोक्यावर लिहिलेलं असतं ना? ते कॅशिंगच्या बरोबर उलटं आहे. कॅशिंग म्हणजे धरणाचं पाणी रांजणात आणणं. व्हर्च्युअल रॅम म्हणजे धरणाच्या एका कोपऱ्याला रांजण म्हणणं. जागा वाढते, वेग नाही.

तेव्हा मंडळी, 'सेव्ह झालं' असं स्क्रीन म्हणते, तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: कच्च्या वहीत की पक्क्या? भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत यूपीएसची बॅटरी तपासून ठेवा!