लहान कुत्र्याचे वार्धक्य व त्याची निगा
मावळात वराळ्यासारख्या गावी पावसाळ्याच्या ओलीने वृद्ध कुत्र्याचे आखडलेले सांधे अधिकच दुखतात. लहान चणीचे कुत्रे सुमारे १० वर्षांनंतर वृद्ध समजावे. त्यास कोरडी, उबदार जागा द्यावी, रोज थोडे चालवावे व अंगी मेद चढू देऊ नये. परंतु तोंडास दुर्गंधी, वाढलेली तहान किंवा रोडावत जाणे हे केवळ वार्धक्य मानू नये. दात-हिरड्यांचा रोग, मूत्रपिंडाचा विकार अथवा मधुमेह यांची ती लक्षणे असू शकतात. अशा वेळी पशुवैद्यास त्वरित दाखवावे. कांदा, द्राक्षे व माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यास विषासमान होत. रेबीजची लस म्हातारपणीही चुकवू नये. ज्याने आपले खळे राखिले, त्याची हेळसांड कृषीवलास शोभत नाही.