जुनी चासी आणि परतीची गाडी

जुन्या गाडीची चासी लांबच्या गावाहून आणायची ठरली, की माणूस आधी तिचं वजन विचारतो. पाथरीत माझ्या गॅरेजवर येणारे शौकीनही तेच विचारतात. पण जीपची नुसती चौकट चार-पाच माणसं सहज उचलतात. ट्रकच्या हिशेबात ते वजन कुठेच लागत नाही. भाडं ठरतं ते चासी हौद्यात किती जागा अडवते यावर, आणि गाडी ती उतरवून पुढे कुठे जाणार आहे यावर. हे दोन प्रश्न नीट सोडवले तर बाराशे किलोमीटरवरची चासी साध्या माणसाच्या ऐपतीत घरी येते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक जुन्या गाडीला वेगळी चासी असतेच असं नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, आणि अॅम्बेसेडर यांचा सांगाडा आणि पत्रा एकाच जोडणीत असतो. त्यांची चासी सुटी काढता येत नाही; आणायची तर अख्खी गाडी आणावी लागते. वेगळी, शिडीसारखी लोखंडी चौकट असते ती जीपला, ट्रकला आणि महायुद्धाआधीच्या बहुतेक मोटारींना. त्या काळात तर कंपनी चासी आणि इंजिन विकायची आणि बॉडी दुसराच कारागीर बांधायचा. आपला परभणी जिल्हा ज्या निजामाच्या राज्यात होता, त्या सहाव्या निजामासाठी मागवलेली रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात उभी आहे. तिची चासी रोल्स-रॉइसची आणि बॉडी लंडनच्या बार्कर या कारागिरांची. उघडी चासी एका गावाहून दुसऱ्या गावी नेणं हा तेव्हा रोजचा व्यवहार होता.

मराठवाड्यात तो व्यवहार आम्ही डोळ्यांनी पाहिलेला आहे. एसटी महामंडळाच्या बसची बॉडी दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळांत बांधली जायची. चासी कारखान्यातून यायची आणि तीही स्वतःच्या चाकांवर. टप नाही, काच नाही, दार नाही. चालकाच्या डोक्याला फडकं, डोळ्यांवर गॉगल, आणि पुढ्यात नुसतं स्टिअरिंग. उन्हापावसात, धुळीत शेकडो किलोमीटर चासी पोहोचवणाऱ्या या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. लाल बस सगळ्यांना आठवते, तिला असं आणून पोहोचवणारा चालक फारसा कुणाला आठवत नाही.

काही जण विचारतात, मग आपणही तशीच चालवत का आणू नये? नवी चासी तात्पुरत्या नोंदणीवर आणि विम्यावर धावते, तिचे ब्रेक नवे असतात. पन्नास-साठ वर्षं गोठ्यात उभ्या राहिलेल्या जीपचे ब्रेकचे पाइप गंजलेले, रबरं कडक झालेली, विमा संपलेला. ती रस्त्यावर काढणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं. मागे बांधून ओढत आणणं हाही लांबचा मार्ग नव्हे. बिघडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला ती सोय आहे, राज्यं ओलांडायला नाही. एकट्या गाडीसाठीचा बंद कंटेनर किंवा सपाट पाठीची रिकव्हरी व्हॅन सुरक्षित खरी, पण तिचं भाडं कधी कधी चासीच्या किमतीच्या वर जातं.

पूर्ण गाडी भाड्याने केली तर काय होतं, ते साध्या हिशेबाने पाहू. माझ्या कामाचं उदाहरण घेतो: कोइमतूरच्या एका कुटुंबाकडे साठच्या दशकातली महिंद्राची सीजे-३बी जीप होती. बॉडी गंजून गळून पडलेली, पण चासी, इंजिन, दोन्ही ॲक्सल आणि मूळ आरसी पुस्तक शाबूत. कोइमतूर ते पाथरी साधारण बाराशे किलोमीटर. चौदा फुटी आयशर लिटरला आठ किलोमीटर चालते असं धरा आणि डिझेल ९० रुपये धरा. एका बाजूचं डिझेल १५० लिटर, म्हणजे १३,५०० रुपये. गाडी इथून रिकामी गेली तर तेवढेच पुन्हा. नुसत्या डिझेलचे २७,००० झाले. टोल, चालकाचा भत्ता आणि गाडीमालकाची कमाई अजून वेगळी. एका चासीसाठी हा खर्च परवडत नाही.

म्हणून परतीची गाडी शोधायची. आमच्या शेजारचं मानवत कापसाच्या बाजारासाठी नावाजलेलं आहे. हंगामात या पट्ट्यातल्या जिनिंगमधून कापसाच्या गाठी गुजरातकडे आणि तमिळनाडूच्या सूतगिरण्यांकडे जातात. एक गाठ १७० किलोची. शंभर गाठी भरल्या की १७ टन. गाठी उतरल्यावर गाडीमालकाला रिकामं परत यायचं नसतं. परत येताना जो माल मिळेल त्यात तो डिझेल निघालं तरी समाधानी असतो. हे दुवे हुंडेकऱ्याच्या, म्हणजे मालवाहतूक जुळवून देणाऱ्या दलालाच्या, हातात असतात. कोणती गाडी कुठे गेली, कधी खाली होणार, परतीला काय मिळालं, हे त्याला फोनवर रोज कळत असतं.

मी ज्या हुंडेकऱ्याकडे गेलो त्याने माझं बोलणं मध्येच थांबवलं. "भाऊ, किलो सांगू नका. लांबी किती, रुंदी किती अन् आडवी ठेवता येते का उभी, तेवढं सांगा."

त्याच्या या प्रश्नात सगळं आलं. सीजे-३बीच्या चाकांमधलं अंतर ८० इंच, पण चौकटीची पूर्ण लांबी दहा फुटांच्या आसपास. रुंदी मात्र जेमतेम अडीच फूट. चाकं आणि ॲक्सल लावलेली चासी हौद्याचा चांगला मोठा तुकडा खाते, कारण तिच्यावर दुसरा माल रचता येत नाही. तीच चौकट ॲक्सल सोडवून कडेवर उभी केली आणि हौद्याच्या फळीला टेकवून बांधली, की फूटभर जागेत बसते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीप जगभर पाठवल्या त्यांतल्या पुष्कळ अशाच, सुट्या करून लाकडी पेट्यांत घालून. पुढे मुंबईत महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली तीही बाहेरून आलेल्या सुट्या भागांवर. या गाडीला मोडून प्रवास करायची सवय जन्मापासूनची आहे.

आता कोणत्या मालाच्या गाडीत टाकायची, ते सांगतो, कारण पैसे इथेच वाचतात. हलका, फुगीर माल असेल तर हौदा आधी भरतो आणि वजनाची मुभा शिल्लक राहते. जड माल असेल तर वजन आधी भरतं आणि हौद्यात जागा शिल्लक राहते. चासीला जागा हवी, वजन तिचं थोडकं. म्हणजे जड मालाची गाडी शोधायची. कोइमतूर हे पंप, मोटारी आणि ग्राइंडरचं गाव. तिथून नांदेड-परभणीकडे येणाऱ्या पंपांच्या गाडीत खाली खोकी, कडेला चौकट, असं गणित जमतं. उरलेल्या जागेचं भाडं अख्ख्या गाडीच्या भाड्यापुढे किरकोळ पडतं. त्यासाठी घाई मात्र सोडावी लागते. हव्या दिवशी गाडी मागितली की भाव वाढतो. जेव्हा जमेल तेव्हा टाका म्हटलं की उतरतो. गाडी नांदेडला किंवा परभणीलाच खाली होणार असेल तर तिथवरच बोलणी करावी. पुढचा टप्पा ४०७ टेम्पोने करायचा. कल्याण-निर्मल महामार्ग पाथरीतूनच जात असल्यामुळे परभणीहून इकडे येणारी गाडी मिळायला अडचण पडत नाही.

छोटा हत्ती हा लहान टेम्पो स्वस्त म्हणून पुष्कळांचा त्याच्यावर डोळा असतो. त्याचा हौदा सात फुटांच्या घरातला. दहा फुटी चौकट फाळका उघडून मागे तीन फूट बाहेर राहते. असा बाहेर आलेला लोखंडी माल रात्री मागच्या मोटारसायकलवाल्याला दिसत नाही, आणि त्यात माणसं गेलेली आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर हौद्याबाहेर माल काढल्यास २०,००० रुपये दंड आहे, वर माल उतरवण्याचा खर्चही आपल्याच माथी. तेवढ्या दंडात चासी कोइमतूरहून येऊन वर पैसे उरतात.

रेल्वेचाही विचार मी केला. पाथरीला स्टेशन नाही. जवळचं मानवत रोड, मनमाड-परभणी मार्गावरचं. मोटारसायकल जशी पार्सलने येते तशी चौकट येईल का, असं वाटतं. पण पार्सलच्या डब्याचं दार, गाडी थांबण्याची मिनिटं, अवाढव्य नगाला लागणारा जादा दर आणि मधल्या स्टेशनावर गाडी बदलताना होणारी आपटाआपट, हे सगळं चौकटीच्या विरुद्ध जातं. सुटे भाग मात्र रेल्वेने छान येतात: कार्ब्युरेटर, डायनॅमो, स्टिअरिंग बॉक्स, मीटर. लाकडी खोक्यात भुसा भरून पाठवावेत. इंधनाचा थेंबही राहू देऊ नये. टाकी रिकामी असल्याशिवाय रेल्वे वाहनाचं पार्सल घेत नाही आणि ते बरोबरच आहे.

ट्रकमध्ये बांधणी कशी करायची, हे हमालावर सोपवू नये. चौकटीखाली लाकडी ठोकळे द्यायचे ते स्प्रिंगच्या पाट्यांचे कान जिथे रिव्हेट केलेले असतात तिथे, कारण मूळ रचनेत भार तिथेच येतो. मधोमध टेकू दिला तर खड्ड्यागणिक चौकट तिथेच वाकू पाहते. दोरखंड किंवा पट्टा आडव्या पट्ट्यांना अडकवायचा, ब्रेकच्या पाइपाला कधीच नाही. लोखंड लोखंडाला लागतं तिथे तागाची पोती. इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळ्या लाकडी बैठकीवर बोल्टने पक्के, सगळी छिद्रं चिंध्यांनी बंद. चढवायला-उतरवायला चेनपुली असली की काम शांतपणे होतं. हमाली आणि उतरवण्याची वाराई आधी ठरवून ठेवावी, नाहीतर दारात वाद होतो.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, की गॅस कटरने चौकटीचे दोन तुकडे करा, छोट्या गाडीत आणा आणि इथे वेल्डिंग करू. हात जोडून सांगतो, हे करू नका. कापलेल्या चौकटीची ताकद आणि सरळपणा पुन्हा तसा येत नाही. शिवाय जुन्या गाडीची कायद्यातली ओळख चासीवर ठोकलेला नंबरच असतो. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणी आणली. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. त्यात स्पष्ट अट आहे, की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. भाड्यात चार हजार वाचवायला चौकट कापली, तर ज्या नोंदणीसाठी ही सगळी धडपड चालली आहे तीच हातची जाते.

म्हणून गाडीवर चढवण्याआधी चासी नंबर घासून स्वच्छ करायचा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने ठसा घ्यायचा आणि आरसीतल्या नंबराशी ताडून पाहायचा. नंबर खरवडलेला दिसला किंवा आरसी नाही म्हणाले, तर कितीही स्वस्त असली तरी ती चासी तिथेच सोडून यावं. दुसऱ्या राज्यातून आणताना तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला लागतो, तो फॉर्म २८. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. हे विकणाऱ्याच्या सह्यांसह तिथेच उरकलेलं बरं. बाराशे किलोमीटरवरून एका सहीसाठी पुन्हा जाणं फार महाग पडतं. किंमत ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ट्रकवाला ई-वे बिल मागतो. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आपल्या अंतराला सहा दिवस, आणि ती गाडीचा नंबर भरल्यापासून मोजली जाते. अर्ध्या मालाची गाडी वाटेत थांबत येते, तेव्हा नंबर गाडी ठरल्यावरच भरावा.

शेवटी बिल्टी, म्हणजे वाहतूकदार देतो ती मालाची पावती. हा कागद पाहिल्याशिवाय माल सोडू नये. वाहतूकदाराची जबाबदारी कायद्याने सहसा भाड्याच्या दहापट इतकीच असते. भाडं ६,००० ठरलं तर नुकसान कितीही झालं तरी ६०,००० पर्यंतच मागता येतं. चासीचं मोल त्याहून जास्त असेल तर मालाची किंमत बिल्टीवर लिहायला लावावी आणि जादा जोखमीचा दर द्यावा, किंवा प्रवासाचा विमा स्वतः उतरवावा. माल उतरला की सहीआधी टेप घेऊन चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे: पुढच्या डाव्या कोपऱ्यापासून मागच्या उजव्यापर्यंत, मग उलट. हीच मापं चढवण्याआधी लिहून फोटो काढून ठेवलेली असावीत. फरक आढळला तर तो पोच पावतीवर तिथेच, चालकासमोर लिहायचा. दावा लावायचा झालाच तर माल बुक केल्याच्या दिवसापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस जावी लागते, आणि तारीख मोजायची ती बिल्टीवरचीच.