पाच दिवस एकच गाणं

जानेवारी २००४ची सिडनी कसोटी. त्या मालिकेत तोवर सचिन तेंडुलकरच्या धावा होत्या ०, १, ३७, ० आणि ४४. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू ड्राइव्ह करायच्या मोहात विकेट जात होती, म्हणून या सामन्यात कव्हर ड्राइव्ह मारायचाच नाही, असं त्याने ठरवलं. दहा तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर उभं राहून त्याने नाबाद २४१ धावा केल्या. क्रिकेटवेड्यांना हा हिशोब तोंडपाठ आहे. त्या डावाचं दुसरं पथ्य मात्र फार कमी जणांना माहीत असतं. सामन्याचे पाचही दिवस आपण ब्रायन अ‍ॅडम्सचं ‘समर ऑफ सिक्स्टीनाइन’ हे एकच गाणं पुन:पुन्हा ऐकत होतो, असं सचिनने नंतर सांगितलं.

द्विशतक गाण्यामुळे झालं, असं कोणी म्हणणार नाही. पण हातातला लाडका फटका बाजूला ठेवून दिवसभर धीर धरायचा, तर मन आधी ठिकाणावर आणावं लागतं. मुलाखतीला निघालेली मुलगी लोकलमध्ये कानात हेडफोन घालून तेच ते गाणं लावते. कॉल सेंटरमधला मुलगा जिन्यात उभा राहून एक गाणं पूर्ण ऐकतो आणि मगच शिफ्टला आत शिरतो. बघणाऱ्याला तो टाइमपास वाटतो. खरं तर ती कामाची तयारी असते.

१९९४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ऑपरेशन करताना संगीत ऐकण्याची सवय असलेल्या ५० सर्जनना प्रयोगशाळेत बसवून मनातल्या मनात वजाबाक्या करायला लावल्या. एकदा शांततेत, एकदा संशोधकांनी निवडलेला पाकेलबेलचा ‘कॅनन’ लावून आणि एकदा ज्याच्या त्याच्या आवडीचं संगीत लावून. आवडीचं संगीत चालू असताना नाडी आणि रक्तदाबावरचा ताण सर्वांत कमी होता, वजाबाक्याही सर्वांत जलद आणि अचूक झाल्या. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, बहुतेक सर्जननी निवडलेलं संगीतही पाश्चात्त्य शास्त्रीयच होतं. प्रकार तोच असूनही फरक पडला, कारण ते संगीत त्यांचं स्वत:चं होतं. ऑफिसभर एकाच स्पीकरवर ‘जोश वाढवणारी’ गाणी लावणाऱ्या व्यवस्थापकांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

हे कसं घडतं, याचा एक धागा माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या २०११च्या संशोधनात सापडतो. स्वत:च्या आवडीचं संगीत ऐकताना मेंदूत डोपामिन स्रवतं, आणि तेही आवडती जागा आल्यावरच नव्हे, ती जागा आता येणार या अपेक्षेनेसुद्धा. ओळखीचं गाणं असलं तरच अशी वाट पाहता येते. शिवाय २०१४ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवलं की, संगीतातला बेस वाढवला की ऐकणाऱ्याला आपण अधिक समर्थ आहोत असं वाटू लागतं. अर्थात वाचायचं किंवा लिहायचं काम समोर असेल, तर शब्द असलेलं गाणं आड येतं. डोक्यात दोन भाषणं एकदम चालत नाहीत. म्हणून असं गाणं कामाआधी ऐकावं, हे उत्तम.

काही गाणी तर नोकरीच्या दु:खातूनच जन्माला आली आहेत. डिनो फेकारिस हा मोटाउन या बड्या रेकॉर्ड कंपनीत पगारी गीतकार होता. अनेक वर्षांच्या नोकरीनंतर त्याला काढून टाकलं. घरी बसल्या बसल्या त्याने टीव्ही लावला, तर नेमकं त्यानेच लिहिलेलं एक गाणं सुरू झालं. आपण यातून तरून जाऊ, असं त्याला त्या क्षणी वाटलं. पुढे फ्रेडी पेरेनच्या जोडीने त्याने ‘आय विल सर्व्हाइव्ह’ लिहिलं. ऐकणारे ते प्रेमभंगाचं गाणं म्हणून ऐकतात, पण त्याच्या मुळाशी एक बेकार झालेला माणूस आहे.

ते गाणं जिच्याकडे गेलं, ती ग्लोरिया गेनर तेव्हा स्वत:च मोडून पडली होती. १९७८ साली न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम चालू असताना ती स्टेजवर पडली आणि मणक्याचं ऑपरेशन करावं लागलं. पाठीला पट्टा बांधून तिने हे गाणं रेकॉर्ड केलं. कंपनीचा भरवसा दुसऱ्याच गाण्यावर होता, त्यामुळे हे रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गेलं. क्लबमधल्या डीजेंनी रेकॉर्ड उलटी करून वाजवली, लोक नाचायला लागले, आणि मार्च १९७९मध्ये ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. त्यानंतर आजारातून उठलेल्या, घटस्फोट घेतलेल्या, नोकरी गेलेल्या कितीतरी माणसांनी ते आपलंसं केलं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपल्याकडे म्हणतात. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, कष्ट आहेत आणि ताठ मानेचे शब्दही आहेत. डॉली पार्टनचं ‘नाइन टू फाइव्ह’ याच जातकुळीचं. १९८०च्या त्याच नावाच्या चित्रपटाच्या सेटवर बसून ती अ‍ॅक्रिलिकची लांब नखं एकमेकांवर घासायची. तो आवाज तिला टाइपरायटरसारखा वाटला, आणि त्या ठेक्यावर गाणं बांधलं गेलं. रेकॉर्डिंगमध्येही ती नखं वाजली आहेत.

चित्रपटाची मूळ प्रेरणा होती बॉस्टनमधल्या ऑफिसांत काम करणाऱ्या बायकांनी १९७३ साली उभारलेली ‘नाइन टू फाइव्ह’ ही संघटना. कमी पगार, हुकलेली बढती आणि साहेबाची कॉफी आणून देण्याची सक्ती, या त्यांच्या तक्रारी. गाण्याने त्या घराघरांत पोचवल्या आणि सकाळी कामावर निघालेल्या बाईला बळ दिलं. पगारवाढीची मागणी मात्र त्या बायकांनी सभा घेऊन, पत्रकं वाटून आणि साहेबासमोर उभं राहूनच केली.