कोपरातील दबलेली नस : निदान व उपचार

कोपराच्या आतील बाजूस हाडामागील खोबणीतून अल्नर ही नस त्वचेलगत जाते. कोपर दीर्घकाळ वाकलेले वा टेकलेले राहिल्यास ती दबते. करंगळी व अर्धी अनामिका बधिर होते, पुढे पंजाचे स्नायू झिजून पकड सैल पडते. आरंभी रात्री कोपर सरळ ठेवणारी पट्टी बहुधा पुरते. स्नायू झिजू लागल्यास शस्त्रक्रिया लांबवू नये. महाराष्ट्रात कुष्ठरोग अद्याप आढळत असल्याने हदगावसारख्या ग्रामीण परिसरात मात्र एवढ्यावर थांबणे धोक्याचे आहे. त्या रोगात प्रामुख्याने हीच नस जाड व दुखरी होते. म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे काय, हे आधी पाहावे. बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. नसेची शक्ती नुकतीच, म्हणजे ६ महिन्यांच्या आत, गेली असल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालील स्टेरॉइडने ती बऱ्याचदा परतते. त्यानंतर वाकलेली बोटे सहसा सरळ होत नाहीत.